बर्फ नको, फळच गोठवा: घरच्या स्मूदीची माझी पद्धत

आमच्या घरात स्मूदी एकच, पण पिणाऱ्यांच्या तऱ्हा वेगवेगळ्या. मुलीला चमच्याने खाता येईल इतकी दाट हवी, नवऱ्याला उभ्याउभ्या घटाघट पिता येईल अशी पातळ, आणि सासूबाईंना कवळीखाली एकही बी जाणार नाही अशी. फळं तीच, मिक्सरही तोच. त्यामुळे पाककृती पाठ करण्याचा नाद मी सोडून दिला. प्रमाण आणि क्रम हाताशी धरला की त्याच फळांतून तिन्ही पेले निघतात. तेच इथे लिहिते आहे.

माझा एक हट्ट आधीच सांगून टाकते: स्मूदीत बर्फ घालायचा नाही. बर्फ म्हणजे शेवटी पाणीच. भरडला जातो तोवर पेला गार आणि दाट वाटतो, पण थोड्या वेळात बर्फ वितळतो, खाली पाणी उरतं, वर फेस. त्या पाण्याने चवीत भर काहीच पडत नाही, उलट असलेली चव पातळ होते. गारवा हवा असेल तर फळच गोठवावं. गोठवलेलं फळ वितळलं तरी त्यातून रस फळाचाच सुटतो. आणखी एक फायदा असा की फळ गोठताना पेशींमधल्या पाण्याचे स्फटिक होतात आणि ते पेशींच्या भिंती फाडतात. म्हणून तर गोठवलेली स्ट्रॉबेरी वितळल्यावर लिबलिबीत होते. ताटलीत मांडायला ती निरुपयोगी, पण स्मूदीसाठी निम्मं वाटण फ्रीजरनेच करून ठेवलेलं असतं.

फ्रीजरची तयारी

केळ्यापासून सुरुवात करू, कारण घरच्या स्मूदीला दाटपणा बहुतेक वेळा तेच देतं. केळं चांगलं पिकलेलं घ्या, सालीवर तपकिरी ठिपके आलेलं. कच्चट केळ्यात स्टार्च जास्त असतो, त्याने स्मूदी तुरट आणि पिठूळ लागते. पिकताना त्याच स्टार्चची साखर होते, म्हणजे वरून गोड काही घालायची गरजच उरत नाही. साल गोठवायच्या आधी काढा. सालीसकट गोठलेलं केळं सोलायला सुरी लागते आणि बोटं बधिर होतात.

दीड-दोन सेंटिमीटर जाडीच्या चकत्या करा. ताटाला बटर पेपर लावून त्या एका थरात, एकमेकींना चिकटणार नाहीत अशा मांडा आणि ताट तसंच फ्रीजरमध्ये ठेवा. दोन-तीन तासांत चकत्या टणक झाल्या की पिशवीत भरा, हवा दाबून काढा, वर तारीख लिहा. आधी सुट्या गोठवायच्या आणि मग पिशवी भरायची, ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून बरेच जण गाळतात. मग सगळ्या चकत्यांचा एक दगड होतो, तो ओट्यावर आपटत बसावं लागतं आणि मिक्सरच्या पात्यालाही तो झेपत नाही.

आंबा, अननस, पपई, पीच, स्ट्रॉबेरी, ब्लूबेरी यांचंही असंच. फोडी लहान ठेवा, साधारण अडीच सेंटिमीटरच्या. स्ट्रॉबेरीचे देठ धुतल्यावर काढा, आधी नाही, नाहीतर पाणी आत शिरतं. धुतलेलं प्रत्येक फळ कापडावर कोरडं करूनच गोठवा. अंगावर राहिलेलं पाणी म्हणजे पुन्हा बर्फच. घरचा फ्रीजर उणे १८ अंश सेल्सिअसला असेल तर फळ खराब असं होत नाही, पण दोन-तीन महिन्यांनंतर वास उडतो आणि कडा सुकून पांढऱ्या पडतात. मी त्याच्या आतच संपवते.

कलिंगडाची गंमत वेगळी आहे. त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, त्यामुळे त्याच्या गोठलेल्या फोडी म्हणजे चवीचा बर्फ. दाट स्मूदीत त्या उपयोगाच्या नाहीत, पण पातळ, तहान भागवणारी करायची असेल तर बर्फाच्या जागी त्याच घाला. सफरचंद आणि नासपती मात्र मी गोठवत नाही. साध्या मिक्सरमध्ये त्यांची स्मूदी रवाळच होते. सफरचंद घालायचंच असेल तर वाफवून, गार करून घालावं. आणि त्याच्या बिया न विसरता काढाव्यात. वाटल्यावर त्यातलं अमिग्डॅलिन नावाचं संयुग मोकळं होतं आणि त्यापासून सायनाइड तयार होतं. एखाद-दुसऱ्या बीने काही होत नाही हे खरं, पण मुद्दाम वाटून प्यायचं कारणही नाही. पीच, जर्दाळू, चेरी यांच्या आठळ्यांनाही हेच लागू, शिवाय आठळीने पातं मोडतं ते वेगळं.

साल टाकून द्यायची असली तरी फळ कापायच्या आधी धुवावं. खरबुजाच्या किंवा आंब्याच्या सालीवरची घाण सुरीबरोबर थेट गरात जाते. विकतच्या गोठवलेल्या बेरींबद्दलही थोडं सांगते. अशा बेरींमुळे हिपॅटायटिस ए ही विषाणूंनी होणारी कावीळ पसरल्याच्या घटना वेगवेगळ्या देशांत झालेल्या आहेत, आणि गोठवल्याने विषाणू मरत नाहीत. घरात कुणी गरोदर असेल, फार वयस्क असेल किंवा आजारातून उठलेलं असेल तर या बेरी पातेल्यात मिनिटभर खळखळून उकळा, गार करा आणि मग वापरा. रंग थोडा गडद होतो, चव मुरांब्याच्या दिशेने जाते, वाईट लागत नाही.

किती काय घालायचं

एका मोठ्या पेल्यासाठी, म्हणजे साधारण ४०० मिलिलिटरसाठी, माझं माप असं: फळ २०० ग्रॅम, त्यातलं निदान निम्मं गोठवलेलं, दही ८० ग्रॅम, दूध, पाणी किंवा जे काही पातळ असेल ते १२० मिलिलिटर. वजनकाटा नसेल तर फळाच्या फोडी दीड कप, पातळ पदार्थ अर्धा कप आणि दही त्याहून थोडं कमी. यात दही नको असेल तर तेवढं दूध वाढवा.

चमच्याने खायची दाट स्मूदी हवी असेल तर सगळंच फळ गोठवलेलं घ्या आणि पातळ पदार्थ ५०-६० मिलिलिटरवर आणा. पातळ हवी असेल तर २०० पर्यंत न्या. घालताना मात्र नेहमी हात आखडता ठेवा. पातळ करणं दोन सेकंदांचं काम असतं, पण एकदा पातळ झालेली स्मूदी दाट करायला पुन्हा फळ शोधावं लागतं. आमच्याकडे मी आधी दाट करते, मुलीचा वाडगा काढते, मग उरलेल्यात दूध ओतून एक फेरा देते आणि तो पेला नवऱ्याला.

फळं निवडताना माझा नियम एवढाच: एक फळ अंगाचं, एक फळ वासाचं. अंगाचं म्हणजे ज्याने दाटपणा आणि मऊपणा येतो ते: केळं, आंबा, पपई, अ‍ॅव्होकाडो. वासाचं म्हणजे जे पेला तोंडाजवळ नेताच ओळखू येतं ते: स्ट्रॉबेरी, अननस, संत्रं, रास्पबेरी. पहिलं दोन भाग आणि दुसरं एक भाग घेतलं तर सहसा बिघडत नाही. दोन्ही फळं वासाची घेतली तर स्मूदी पाणचट होते, दोन्ही अंगाची घेतली तर जड आणि मुकी. चार-पाच फळं एकत्र केली की रंग मातकट आणि चव कुणाचीच नाही. फ्रीज रिकामा करायला स्मूदी करणाऱ्यांना हे पटत नाही, पण एकदा तोच माल दोन वेगळ्या पेल्यांत वाटून करून बघा.

पातळ पदार्थ म्हणून फळांचा रस मी वापरत नाही, अगदी ताजा काढलेलाही नाही. फळात फळाचा रस घातला की साखर वाढते आणि चोथा तेवढाच राहतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार मोकळ्या साखरेतून येणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी, आणि ५ टक्क्यांच्या आत आली तर आणखी चांगलं. दिवसाला २००० कॅलरी धरल्या तर १० टक्के म्हणजे ५० ग्रॅम साखर. या मोकळ्या साखरेत वरून घातलेल्या साखरेबरोबर मध, सिरप आणि फळांचे रसही मोजले जातात. म्हणून ‘आम्ही साखर नाही, मध घालतो’ याने हिशोबात काही फरक पडत नाही.

दूध का फाटतं, कडू का होतं

स्मूदी बिघडली की लोक फळाला नावं ठेवतात. बहुतेक वेळा बिघाड फळ आणि दूध यांच्या जोडीत असतो, आणि तो दोन प्रकारचा असतो.

पहिला प्रकार आंबटपणाचा. ताज्या दुधाचा सामू (pH, आंबटपणाचं माप; जितका कमी तितकं आंबट) ६.७ च्या आसपास असतो. आंबट फळाने तो ४.६ च्या जवळ खाली आला की दुधातलं केसीन हे प्रथिन एकमेकांना चिकटतं आणि कण दिसू लागतात. संत्रं, आंबट स्ट्रॉबेरी, रास्पबेरी दुधात घातल्यावर हेच होतं. प्यायला ते अपायकारक नाही, पण जिभेला दाणे लागतात. दह्यात ही प्रक्रिया आधीच होऊन गेलेली असते, त्यामुळे त्यात आंबट फळ घातलं तरी नवीन काही घडत नाही. म्हणून गोड फळाला दूध, आंबट फळाला दही. एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मे प्रश्न मिटतात.

दुसरा प्रकार जास्त फसवा आहे, कारण स्मूदी करताना सगळं छान असतं आणि तासाभराने ती कडू लागते. किवीत अ‍ॅक्टिनिडिन, अननसात ब्रोमेलेन आणि पपईत पपेन नावाची विकरं (एन्झाइम) असतात. ती प्रथिनांचे तुकडे करतात आणि त्यांतले काही तुकडे चवीला कडू असतात. कच्चा अननस घातला की जिलेटिनची जेली बसत नाही, तेही याच कारणाने. दुधाच्या जागी दही घेऊन इथे सुटका होत नाही, कारण प्रथिनं दह्यातही आहेतच. फळ गोठवूनही नाही. थंडीने विकरं मंदावतात, नष्ट होत नाहीत. उपाय सरळ आहेत. ही तीन फळं दुधा-दह्याबरोबर घ्यायची असतील तर केल्या केल्या प्या. नंतरसाठी ठेवायची असेल तर पाण्यात किंवा नारळपाण्यात करा. नाहीतर अननसाच्या फोडी कढईत पाच-सात मिनिटं चांगल्या गरम करून गार करा, उष्णतेने ब्रोमेलेनचं काम थांबतं. डब्यातला अननस प्रक्रियेत तापवलेलाच असतो, त्यामुळे त्याला ही खोड नसते, पण पाकातला असेल तर पाक निथळून घ्या.

केळं आणि बेरी या सर्वांच्या लाडक्या जोडीबद्दलही एक गोष्ट माहीत असावी. केळं कापून ठेवलं की ज्या विकराने काळं पडतं त्याला पॉलिफिनॉल ऑक्सिडेज म्हणतात. बेरी, द्राक्षं, कोको यांत फ्लॅव्हनॉल नावाची जी संयुगं असतात त्यांनाही ते खातं. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या संशोधकांनी २०२३ मध्ये याची चाचणी प्रसिद्ध केली. केळ्याच्या स्मूदीबरोबर फ्लॅव्हनॉल घेतलेल्यांच्या रक्तात त्यांचं प्रमाण नुसती फ्लॅव्हनॉलची कॅप्सूल घेतल्यावर दिसलं त्यापेक्षा ८४ टक्क्यांनी कमी भरलं. बेरीच्या स्मूदीबरोबर तसं झालं नाही. चाचणी अगदी थोड्या माणसांवर होती, आणि फ्लॅव्हनॉल म्हणजे काही सगळं पोषण नव्हे. म्हणून मी केळं-स्ट्रॉबेरी बंद केलेली नाही. चव म्हणून ती जोडी उत्तमच आहे. पण ब्लूबेरीसारखं महाग फळ खास फ्लॅव्हनॉलसाठी घेणार असाल तर त्याच्या सोबतीला केळ्याऐवजी आंबा आणि दही घ्या.

मिक्सरमध्ये भरताना

भांड्यात आधी पातळ पदार्थ, त्यावर दही, मग मऊ आणि कोरड्या गोष्टी, आणि गोठवलेलं फळ सगळ्यात वर. पातं तळाशी असतं. त्याच्याभोवती पातळ काही असेल तरच भोवरा तयार होतो आणि तो वरच्या फोडी एकेक करून खाली ओढतो. (पातं असं भांड्याच्या तळाशी बसवण्याची कल्पना स्टीफन पोप्लॉवस्की या अमेरिकेत स्थायिक झालेल्या माणसाची. त्याला १९२० च्या दशकात तिचं पेटंट मिळालं. त्याच्या डोक्यात तेव्हा मिल्कशेक होते.) खाली गोठलेलं केळं आणि वरून दूध असं भरलं तर पातं केळ्यात रुतून बसतं, मोटर घुमते आणि दूध जागच्या जागी राहतं. जे छोटे ब्लेंडर कप भरून मग उलटे बसवायचे असतात, त्यांत मात्र हाच क्रम उलटा करा, म्हणजे उलटल्यावर पातळ भाग पात्याकडे येईल.

भांडं दोन तृतीयांशच्या वर भरू नका. आणि मसाला वाटायचं लहान भांडं यासाठी वापरू नका. त्यात भोवऱ्याला जागा नसते, शिवाय त्याच्या रबरातला वास कितीही घासला तरी केळ्याला लागतोच.

आधी बटण झटक्यांवर फिरवा, एकेक सेकंदाचे पाच-सहा झटके. मोठे तुकडे फुटले की कमी वेगावर दहा सेकंद, मग पूर्ण वेगावर तीस-चाळीस सेकंद. इथे डोळ्यांपेक्षा कानाचा भरवसा धरा. मिश्रण नीट फिरत असेल तर आवाज भरीव आणि एकसारखा येतो. तो अचानक हलका, किंचाळल्यासारखा झाला आणि वरचा थर हलेनासा झाला, की समजावं पात्याभोवती हवेचा पोकळ बुडबुडा अडकलाय. पातं हवेत फिरतंय, फळाला लागतच नाहीये. अशा वेळी वेग वाढवून काही होत नाही. बंद करा, प्लग काढा, झाकण उघडून कालथ्याने मिश्रण खाली ढकला, दोन मोठे चमचे दूध घाला आणि पुन्हा झटक्यांपासून सुरू करा. चालू मिक्सरमध्ये चमचा घालण्याचा मोह कुणालाही होतो. तो आवरा.

एकूण फिरवणं दीड मिनिटाच्या आत संपलं पाहिजे. त्यापुढे पात्याच्या घर्षणाने मिश्रण कोमट होऊ लागतं आणि हवा कोंबली जाऊन फेस येतो. मोटर गरम झाल्याचा वास आला तर थांबा. बऱ्याच मिक्सरच्या बुडाशी लाल बटण असतं. जास्त भार पडून मिक्सर बंद पडला तर तो गार होऊ द्या आणि मग ते दाबा. मिक्सर जुना किंवा कमी ताकदीचा असेल तर गोठवलेलं फळ पाच-सात मिनिटं बाहेर ठेवून मग घाला. कड मऊ झाली की पुरे. हँड ब्लेंडरनेही स्मूदी होते, फक्त भांडं उंच आणि अरुंद घ्या आणि गोठवलेलं फळ निम्म्यापेक्षा कमी ठेवा. सोडा किंवा कुठलंही फसफसणारं पेय बंद झाकणाच्या कपात फिरवू नका. दाबाने झाकण उडतं. हवंच असेल तर पेल्यात वरून ओता.

बियांबद्दल सांगायचं राहिलं. किवीच्या काळ्या बिया फुटल्या की मिरीसारखा तिखट-कडवट स्वाद सोडतात. म्हणून किवी सगळ्यात शेवटी घाला आणि फक्त पाच-सहा झटके द्या. रास्पबेरी, ब्लॅकबेरी यांच्या बिया मात्र कुठल्याच घरगुती मिक्सरमध्ये पूर्ण वाटल्या जात नाहीत. सासूबाईंसाठी करताना मी या बेरी नुसत्या दह्याच्या निवळीत किंवा पाण्यात फिरवून आधी गाळून घेते, मग त्या गाळलेल्या रसात केळं किंवा आंबा घालून पुन्हा फिरवते. सगळी स्मूदी शेवटी गाळायची नाही. तसं केलं तर बियांबरोबर आंब्या-केळ्याचा चोथाही जातो, आणि रसापेक्षा स्मूदी बरी ती या चोथ्यामुळेच.

पालक घालणार असाल तर तो एकटा पातळ पदार्थाबरोबर आधी वाटा, एकही ठिपका दिसेनासा होईपर्यंत. फळं त्यानंतर. एका पेल्याला मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम कोवळी पानं खूप झाली. रंगाचा विचारही आधी करा. आंबा किंवा अननसाबरोबर छान हिरवा रंग येतो, स्ट्रॉबेरीबरोबर लाल आणि हिरवा मिळून चिखल होतो. चव चांगली असूनही माझ्या मुलीने त्या पेल्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, आणि मला तिचं चुकलं असं वाटत नाही. मूतखड्याचा किंवा किडनीचा त्रास असलेल्यांनी रोज कच्च्या पालकाची स्मूदी पिऊ नये, त्यात ऑक्झलेट भरपूर असतं.

चव बसवताना

थंडीने जिभेला गोडी कमी जाणवते. जे केळं नुसतं खाताना पुरेसं गोड होतं ते गोठवून वाटल्यावर फिकं लागतं. म्हणून पहिल्या घोटाला साखरेचा डबा उघडू नका. आधी चिमूटभर मीठ घाला. मीठ कडवटपणा दाबतं आणि गोडी पुढे आणतं. खारट लागेल इतकं नको, अगदी दोन बोटांच्या चिमटीत मावेल त्याच्याही निम्मं. तरीही काहीतरी कमी आहे असं वाटलं तर लिंबाचे चार-पाच थेंब. आंब्याच्या आणि पपईच्या स्मूदीला बहुतेक वेळा गोडाची नाही, आंबटाची कमतरता असते. दुधातली असेल तर मात्र लिंबू जपून, वर सांगितलंच आहे. एवढं करूनही गोडी हवीच असेल तर बिया काढलेले एक-दोन खजूर पंधरा मिनिटं कोमट पाण्यात भिजवून पातळ पदार्थाबरोबर आधी वाटा. एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या वाट्याला मध असलेली स्मूदी चमचाभरही देऊ नका. मधातून बाळाला बॉट्युलिझम नावाची गंभीर विषबाधा होऊ शकते.

पोटभरीची करायची असेल तर दोन मोठे चमचे ओट्स दहा मिनिटं दुधात भिजवून घाला. चिया भिजवल्याशिवाय घालू नये. ते आपल्या वजनाच्या साधारण दहापट पाणी धरतात, त्यामुळे सकाळी ठीक असलेली स्मूदी दुपारी चमचा उभा राहील इतकी घट्ट होते. एक छोटा चमचा पुष्कळ झाला. जवस घालायचे तर कुटून घाला, अख्खे दाणे न पचता तसेच बाहेर पडतात. प्रोटीन पावडरीचं मला कौतुक नाही. फेस फार होतो आणि सगळ्या फळांना एकच वास येतो. पीनट बटर मात्र एक मोठा चमचा, १०० ग्रॅम गोठवलेलं केळं, छोटा चमचाभर कोको आणि १५० मिलिलिटर दूध, ही आमच्याकडची सगळ्यात जास्त मागणी असलेली स्मूदी आहे. त्यात अर्थातच वासाचं फळ नाही. ते काम कोको करतो.

किती प्यावी? ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेचा सल्ला रस आणि स्मूदी मिळून दिवसाला १५० मिलिलिटरवर थांबण्याचा आहे, आणि कितीही प्यायली तरी ती दिवसभराच्या फळं-भाज्यांतला एकच भाग म्हणून धरावी असं ती सेवा सांगते. माझा ४०० चा पेला त्या हिशोबात बसत नाही, हे उघड आहे. म्हणून तो जेवणासोबत नाही, नाश्त्याच्या जागी. दोन केळी चावून खायला लागतो त्याच्या कितीतरी कमी वेळात ती पिऊन होतात, आणि पोटाला कळायच्या आत पेला रिकामा होतो. मधुमेह असलेल्यांनी छोटा पेला घ्यावा, त्यात दही किंवा दाण्यांचं काहीतरी असावं, आणि डॉक्टरांना विचारून घ्यावं. ग्रेपफ्रूट वापरणार असाल तर आपली औषधं आधी तपासा. कोलेस्टेरॉलच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण त्याने वाढतं.

उरली तर, आणि भांडं घासताना

उरलेली स्मूदी बरणीत अगदी काठोकाठ भरा, हवेला जागा ठेवू नका, वर लिंबाचा थेंब टाका आणि फ्रीजमध्ये ४ अंशांच्या आसपास ठेवा. दुसऱ्या दिवसापर्यंत संपवा. खाली पाणी आणि वर चोथा असे थर दिसले तर ती खराब झालेली नाही, बरणी हलवून घ्या. दूध-दह्याची स्मूदी बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहिली असेल तर मात्र ओतून द्या. माझ्याकडे उरलेली स्मूदी सहसा बर्फाच्या ट्रेमध्ये जाते. पुढच्या वेळी तेच ठोकळे गोठवलेल्या फळाच्या जागी वापरते.

मिक्सरचं भांडं लगेच धुवा. स्मूदी वाळली की पात्याखाली सिमेंट होते. भांड्यात निम्म्यापर्यंत कोमट पाणी आणि साबणाचा एक थेंब घालून अर्धा मिनिट फिरवा, ओता, साध्या पाण्याने पुन्हा फिरवा. पात्यात बोटं घालू नका, बाटलीचा ब्रश घाला. झाकणाची रबरी रिंग आठवड्यातून एकदा तरी काढून तिच्या खाचेत बघा. दुधाचा आणि फळाचा अंश तिथे साचतो आणि त्यावर काळी बुरशी धरते, बाहेरून दिसतही नाही. रिंग काढायला चमच्याची मागची बाजू वापरा, सुरीने ती कापली जाते. धुऊन पूर्ण वाळली की मगच परत बसवा.